चकलीचं रान

५ जून, गुरुवार

कंपनीची दर गुरुवारची सुट्टी. चाकणला जायचं नाही म्हटल्यावर करायचं काय तेच सुचेना, म्हणून ही डायरी काढली. जानेवारीत एका व्हेंडरने दिली होती, तेव्हापासून कपाटावर धूळ खात पडली होती. नेहा असती तर म्हणाली असती, लिही बाबा, तोंडाने तर तू काही बोलत नाहीस.

नेहा माहेरी गेलीय, कासारवाडीला. दुसऱ्यांदा दिवस राहिले होते, मे महिन्यात तेही टिकलं नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं, यात कुणाचा दोष नसतो. आईला मात्र दोष सापडला. "घरात जनावर कोंडून ठिवलंय, मग दुसरं काय हुनार?" असं ती भांडी घासता घासता म्हणाली. नेहा शेजारच्याच खोलीत पडलेली होती. मी तिथेच बसून चहा पीत होतो. चहा फार गरम होता.

जनावर म्हणजे चकली, नेहाचा साप. बॉल पायथन म्हणतात त्या जातीला. बिनविषारी, परदेशी, सरकारदरबारी नोंद केलेली, सगळं कायद्यात. लग्नाआधीपासून नेहाकडे आहे. गोल गोल वेटोळं घालून बसते म्हणून चकली. नेहा ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते, तिला कशाची म्हणून किळस नाही. मला पहिलं वर्षभर नुसतं बघून घाम फुटायचा. आता हातात घेतो, पण डोक्याकडून नाही.

जाताना नेहा रिक्षात बसली आणि म्हणाली, "चकलीला त्या प्लास्टिकच्या खोक्यातून बाहेर काढ, कुलदीप. अंग पसरायला जागा नाही तिला. आमच्या सोसायटीत चालत नाही, नाहीतर नेलीच असती." दुसरं काही बोलली नाही. म्हणजे तिला हेच पाहिजे. मग मी करणारच. मोठी काचपेटी, आत माती, झाडं, पाला, अगदी रान उभं करतो. परत आली की बघून गार झाली पाहिजे.

८ जून

व्हिडिओ बघून बघून डोकं उठलं. या प्रकाराला बायोॲक्टिव्ह म्हणतात. तळाला पाण्याचा निचरा व्हायला खडे, वर जाळी, जाळीवर माती, मातीत झाडं आणि बारके किडे. साप घाण करणार, किडे ती खाणार, त्याचं खत झाडांना. पेटी धुवायची भानगडच नाही, आतल्या आत सगळं चालू राहतं. आमच्या कंपनीत, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये, असं काही बसलं तर मी स्वतः नारळ फोडीन.

नेहाला फोन केला, पेटीचं सांगितलं. खूश झाली, खरंच झाली, आवाजावरून कळतं. मग म्हणाली, "आईंना बोललास का?"

मी म्हटलं, पेटीबद्दल?

"नाही रे. एकदा सांग त्यांना, की जे झालं ते चकलीमुळे झालं नाही आणि माझ्यामुळेही झालं नाही. माझ्यासमोर सांग, नाहीतर माझ्या माघारी सांग. एवढंच. मी दुसऱ्या दिवशी येते."

मी म्हटलं, सांगतो. आईचा उपवास होता आज, चिडलेली असते उपवासाला.

१९ जून, गुरुवार

पेटी आली! मेंटेनन्सच्या धनेशने कंपनीतल्या रॅकच्या मापाने लोखंडी स्टँड वेल्ड करून दिला. हॉलमध्ये ठेवली, टीव्हीच्या शेजारी. दिवा वर, थर्मोस्टॅट बाजूला, दमटपणा दाखवणारं मीटर आत. धनेश म्हणाला, "कुलदीपभाऊ, एवढी बडदास्त आपल्या कँटीनमध्ये पण नाही राव."

आई दिवसभर पेटीकडे पाठ करून बसली. संध्याकाळी आपण होऊन म्हणाली, "घरात ठिवायचंच आसंल तर निदान आपल्या रानातल्या मातीत ठिव. त्या इकतच्या भुश्शात नको."

मला विश्वासच बसेना. आईच्या तोंडून चकलीसाठी चांगला शब्द पहिल्यांदाच आला.

२१ जून

आईने स्वतः माती आणली. मोशीतली आमची सगळी जमीन गेली, प्लॉट पडले, गोदामं झाली; नदीकडची एक पट्टी तेवढी उरलीय. तिथून घमेलं डोक्यावर घेऊन आली, दोन खेपा. घामाघूम झाली होती. "तुज्या बापानं कसलेली हाय," म्हणाली.

इकडे नेहाचा मेसेज : शेतातली काळी माती घालू नकोस, पाणी धरून ठेवते, निचरा होत नाही. कोकोपीट आणि वाळू घे.

आता बोला! आईला काय सांगू, उचल तुझी माती म्हणून? मी तळाला खडे घातले, जाळी घातली, त्यावर नेहाच्या कोकोपीटचा एक थर दिला आणि मग वर आईची काळी माती. वर जांभळीचा वाळका पाला पसरला. दोघींचं राहिलं. असं सगळ्या बाबतीत जमलं असतं तर किती बरं झालं असतं.

शेवटी आईने एक दगड दिला. चपटा, ताटाएवढा. दादा, म्हणजे माझे वडील, त्यावर विळा पाजवायचे. म्हणाली, "ह्याच्या आडोशाला बसंल त्ये." मी तो मातीवर मधोमध टेकवला. झकास दिसतो.

२६ जून, गुरुवार

घरामागच्या विटा उचलून उचलून किडे गोळा केले. ते राखाडी, हात लावला की गोळी होऊन बसणारे. शेजारची पोरं विचारत होती, काका काय हरवलंय? काय सांगणार. फर्न लावलं, मनी प्लांट लावला. चकलीला आत सोडलं. पहिल्यांदा कोपऱ्यात दबकून बसली, मग हळूच अंग लांब केलं. एवढी लांब आहे हे मला आजच कळलं. तीन वर्षं घरात आहे आणि मी तिला सरळ कधी बघितलीच नव्हती.

फोटो पाठवला. नेहाचा लगेच मेसेज : सुंदर!! पण तो दगड मातीवर ठेवलायस की तळावर? मातीवर असेल तर काढ. ही जात खाली उकरत जाते. माती ओली होऊन दगड बसला तर तिच्या अंगावर येईल.

मी अंगठा पाठवला. पुढच्या गुरुवारी करतो. सगळं उपसायचं म्हणजे आई विचारणार, दगड का काढला, मग मातीचं निघणार, मग नेहाचं निघणार. आत्ता कुठे घरात शांतता आहे.

१० जुलै, गुरुवार

गेल्या गुरुवारी ओव्हरटाइम लागला. आज करणार होतो, पण आई पेटीपाशी खुर्ची टाकून शेंगा फोडत बसली होती. पेटीकडे तोंड करून! चकली दगडाखाली गेली की म्हणते, "गेली बया बिळात." फर्नला नवी पानं आलीत. तीही आईनेच आधी बघितली.

माती फार ओली वाटते. मी तर मोजून फवारा मारतो. मग कळलं, मी कामाला गेलो की आई तांब्याने पाणी घालते, कुंडीला घालावं तसं. "झाडं सुकत्यात रं," म्हणाली. मायेने करतेय, कसं बोलणार?

नेहाचा फोन आता दोन-तीन दिवसांनी येतो. मी झाडांचं सांगतो. ती हं म्हणते.

२० जुलै

आज फार आनंदाची गोष्ट, आणि मग आनंद पार नासला.

पूर्वी आमच्या आळीतल्या बाया नागपंचमीला रानातल्या वारुळाला जायच्या. त्या वारुळावर आता गोदामाचं कंपाउंड आलंय. गेली काही वर्षं नागाचा कागद भिंतीला चिकटवून पूजा उरकतात. यंदा कुणीतरी म्हणालं, सुभद्राबाईंच्या, म्हणजे आमच्याच, घरात जिता हाय की! आणि आई हो म्हणाली. माझी आई! म्हणाली, "या समद्या माझ्याकडं."

मी उड्या मारत नेहाला फोन केला. म्हटलं बघ, आईने मान्य केलं, चकलीची पूजा होणार आहे घरात.

नेहा म्हणाली, "आणि बाया विचारतील, सून कुठंय, तेव्हा काय सांगणार?"

मी खरं ते सांगितलं. आई सगळ्यांना सांगते, पंचमीला माहेरी गेलीय. पंचमीला पोरी माहेरी जातातच, कुणी काही बोलत नाही.

"मी मे महिन्यापासून पंचमीला आलेय होय," नेहा म्हणाली. हसली पण. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही. मग विचारलं, "बोललास आईंना?"

म्हटलं, आता बोलायची गरजच काय, ती स्वतःच पूजा करतेय. तिने फोन ठेवला. मला कळत नाही, अजून काय करायचं माणसाने. जीव नुसता टांगणीला लागलाय.

२९ जुलै, मंगळवार

सेकंड शिफ्ट होती, सकाळी घरीच होतो. आईने पहाटेच दिंडं उकडायला ठेवली होती. आज पंचमी, घरात विळी-सुरी बंद, तवा बंद, काही कापायचं नाही, चिरायचं नाही, भुईत काही खुपसायचं नाही. लहानपणापासून असंच आहे. दादा आजच्या दिवशी औताला हात लावायचे नाहीत.

पेटी पुसायला गेलो तर दगड एका बाजूला खचलेला. चकली दिसेना. काचेच्या खालच्या कडेला बघितलं तर तिचं पोट काचेला चिकटलेलं, मागचा भाग दगडाखाली. मातीचा नुसता चिखल झालेला. तोंड उघडं होतं. श्वास चालू होता, पण किती हळू!

नेहाला व्हिडिओ कॉल लावला. तिने बघितलं आणि तिचा आवाजच बदलला. "दगड ओढू नकोस, सरकला तर पाठीवर येईल. कडेने माती उकर, हाताने, आणि तिला खालून मोकळी कर. आत्ता. आत्ताच्या आत्ता, कुलदीप."

झाकण उघडलं. हात घातला. तेवढ्यात आई आली. तिच्या हातातल्या परडीतल्या लाह्या सांडल्या. "आरं काय करतुयास? आज? आजच्या दिशी माती उकरतुयास?"

मी सांगितलं, आई, ती मरेल.

आई पेटीच्या आडवीच आली. मला वाटलं होतं रागावेल, पण ती रडायलाच लागली. "न्हाई रं बाळा. आज न्हाई. दोनदा झालं ह्या घरात. तिसऱ्यांदा मला बघवायचं न्हाई. उंद्या काढ. दिस बुडूस्तर तरी थांब. तुज्या पाया पडते." आणि खरंच खाली वाकायला लागली. माझ्या पायाशी. मी मागे सरलो.

फोन टीव्हीला टेकवलेला होता. नेहा सगळं ऐकत होती. "कुलदीप, आईंना म्हण बाजूला व्हा, आणि उकर."

मी म्हणालो, "नेहा, जरा थांब ना."

तिने फोन कट केला.

तेवढ्यात बाया आल्या. ताटं, हळदीकुंकू, आघाडा, दूध. आईने डोळे पुसले आणि या या म्हणाली. मी खुर्चीत बसलो. दुसरं काय करणार होतो? त्यांनी काचेला हळदीकुंकू लावलं, हात जोडले. "किती निवांत पडलाय बगा नागोबा," एक काकू म्हणाल्या. एकीने झाकणातून वाटीभर दूध ओतलं. ते चिखलात मुरलं. चकली हलली नाही. बाया म्हणाल्या, सून दिसत न्हाई? आई म्हणाली, पंचमीला गेली माहेरी.

आणि दारात नेहा उभी. वडिलांची स्कूटर घेऊन आली होती, केस सगळे वाऱ्याने विस्कटलेले. मे महिन्यानंतर आज बघितली मी तिला. किती वाळलीय. सरळ आईसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, बाजूला व्हा."

आई बाजूला झाली.

नेहाने बाह्या वर केल्या आणि दोन्ही हातांनी उकरायला लागली. चिखल उडून भिंतीला, टीव्हीला. फर्न उपटून फेकलं. बाया ताटं घेऊन तशाच उभ्या. तिच्या नखातून रक्त आलं. मी म्हटलं, मी करतो, तर म्हणाली, "दगड धर नुसता." मी दगड धरला. ती खालून उकरत गेली आणि एकदम चकली सुटली. एका बाजूला खरचटलेलं, मधे दबलेलं, पण जिभेचं टोक बाहेर आलं. जिवंत होती! मला हुंदका आला, सगळ्यांसमोर.

नेहाने तिला ओढणीत घेतलं, पोटाशी धरलं. ती निघाली तेव्हा काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मला माहीत आहे काय बोलायला पाहिजे होतं. आई तिथेच होती, नेहा तिथेच होती, सगळी आळी तिथेच होती. मी म्हणालो, "फर्न बघितलंस का? धरलं होतं छान."

का म्हणालो, देवालाच ठाऊक.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "छान केलीयस पेटी," म्हणाली आणि गेली.

३० जुलै

शिफ्ट बदलून फर्स्ट घेतली. काम केलं. घरी आलो. फर्न पुन्हा लावलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

डॉक्टरांना दाखवलं म्हणे. दोन बरगड्यांना मार आहे, पण जगेल. नेहाने मेसेजमध्ये एवढंच लिहिलं. मी विचारलं, तू कशी आहेस. ती म्हणाली, बरी.

पेटीतली सगळी माती उपसली आज. नेहाने सांगितलं होतं तसं केलं, कोकोपीट, वाळू, थोडी पानमाती. दगड थेट तळावर, चारी बाजूंनी पक्का. हलवून बघितला, हलत नाही. आई बघत होती. तिची काळी माती तिनेच घमेल्यात भरली आणि तुळशीला घातली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

नेहाने काळेवाडीत खोली घेतली. एकच खोली, मालकाला सापाचं सांगून घेतली, चालतं म्हणाला. तिथून कॉलेज जवळ पडतं, म्हणून असेल. चकलीने काल खाल्लं, तेही कळवलं. फोटोत चकली एका साध्या लाकडी खोक्यात आहे, खाली वर्तमानपत्र. म्हटलं, इथे पेटी तयार आहे, आता अगदी बरोबर झालीय, झाडांनी मुळं धरलीत, किड्यांची पिल्लं झालीत, पांढरी, टाचणीच्या टोकाएवढी. कधी येतेस?

तिचं उत्तर : फवारा कमी मारत जा.

एवढंच. खाली दहादा बघितलं, अजून काही येतंय का. आलं नाही. मला तिची फार आठवण येते. लिहायला लाज वाटते पण येते. हॉलमध्ये दिवा वेळेवर लागतो, वेळेवर विझतो, आत सगळं जिथल्या तिथे चालू आहे आणि ज्याच्यासाठी केलं ते कुणीच आत नाही.

दुपारी आई पेटीजवळ खुर्चीत बसली होती. मी पाला बदलत होतो. ती एकदम म्हणाली, "कुलदीप, तू का न्हाई रं उकरलंस?"

मी म्हटलं, आई, तूच तर आडवी आलीस.

"व्हय. आले. येनारच हुते, भ्याले हुते मी. दोन नातवंडं गेली माजी. मला सुदीक काय कळंना, म्हनून कुनावर तरी घालत बसले." पदराने तोंड पुसलं तिने. "पर तिनं म्हनलं बाजूला व्हा, आन् मी झाले की न्हाई? तू म्हनला आसतास तर तुज्यासाठी बी झाले आसते. तू म्हनलाच न्हाईस. आदीबी न्हाई म्हनलास. मी भांडी घासताना बोलले तवा तू हितंच हुतास. मी तुज्याकडं बगत हुते, हा आता वरडंल माज्यावर. तू च्या पीत बसलास."

मग उठून आत गेली. भाजी चिरल्याचा आवाज यायला लागला.

मी तिथेच उभा होतो. फोन हातात घेतला, नेहाचं नाव काढलं, ठेवून दिला. मग झाकण उघडलं आणि पेटीत हात घातला. माती आता मऊ आहे, वाळूची, कोपरापर्यंत हात सहज गेला. उकरत बसलो बराच वेळ. खाली काही नव्हतं. किडे होते, हात लागला की गोळी होऊन बसत होते.